सांगणाऱ्याचे डोळे

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने नोकरीतून निवृत्त व्हावे, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु त्याच वर्षी त्याने दुसऱ्या नोकरीवर रुजू व्हावे, हे मात्र कोणाला फारसे पटत नाही. तेहतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून मी घरी बसलो आणि दोन महिन्यांच्या आत आमच्या गावातील महाविद्यालयाच्या नभोवाणी केंद्रावर क्रीडावृत्ताचा कार्यक्रम सांगू लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी ही बातमी भाजी निवडता निवडता ऐकली आणि मान वर न करताच म्हटले, “अहो, तेहतीस वर्षं पोरांना गप्प बसा, गप्प बसा म्हणण्याचा पगार घेतलात. आता स्वतः बोलण्याचा घेणार म्हणायचं!”

पगार म्हणजे मानधन, आणि मानधन म्हणजे मान अधिक व धन उणे, हे सुज्ञांस सांगणे न लगे. केंद्रही मोठे नव्हे. अशा केंद्रांच्या प्रक्षेपणाची ताकद सरकारने १०० वॅटपुरती बांधून दिलेली आहे. आमच्या लहानपणी माजघरात जो पिवळा दिवा जळत असे, तोही १०० वॅटचाच. गावाभोवतीच्या पाचदहा मैलांत आमचा आवाज पोहोचतो. पुढे डोंगर लागतो आणि डोंगरापलीकडे आम्हांला कोणी ओळखत नाही. पण या टापूत ऐकणारे पुष्कळ. शिंप्याच्या यंत्राशेजारी, पिठाच्या गिरणीत, रिक्षात, शेतात पाणी धरणाऱ्याच्या खिशातल्या फोनवर आमचे केंद्र चालू असते. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही जिंकला. दोन्ही संघांचे नायकत्व महाराष्ट्राकडे होते. तेव्हापासून तर आमच्या गावात खो-खोच्या सामन्याला क्रिकेटइतकेच कान लागू लागले आहेत.

पहिल्या दिवशी मला काम समजावून दिले ते यंत्रे सांभाळणाऱ्या मुलीने. ही माझीच जुनी विद्यार्थिनी. नकाशात सह्याद्री पूर्वेला काढल्याबद्दल मी तिला एकदा वर्गात उभे केले होते. ती म्हणाली, “सर, एकच लक्षात ठेवा. तीन सेकंदांच्या वर गप्प राहायचं नाही. लोकांना वाटतं, यंत्र बंद पडलं.”

मला हे नवे होते. वर्गात माझे सर्वांत मोठे शस्त्र मौन हेच होते. खडू खाली ठेवून मी नुसता उभा राहिलो की मागच्या बाकापर्यंत शांतता पसरे. इथे तेच मौन म्हणजे बिघाड! बोलत राहणे हेच काम, आणि काय बोलतो ते नंतर. या एका वाक्यात माझ्या नव्या नोकरीतला सारा धोका साठवलेला होता. पण त्या वेळी मी ते केवळ एक तांत्रिक सूचना म्हणून वहीत टिपून घेतले.

ज्यांनी हे काम मोठे केले, त्यांची नावे आठवून मला आधी भीती वाटली होती. १९३४ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत पारशी आणि मुसलमान या संघांमधल्या लढतीचे वर्णन बॉबी तल्यारखान यांनी इंग्रजीतून केले. दिवसभर हा गृहस्थ एकटाच बोलत असे आणि ध्वनिक्षेपक दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना मुळीच रुचत नसे. आमची पिढी वाढली ती बाळ ज. पंडित यांच्या मराठी वर्णनावर. क्रिकेट मराठीत सांगता येते, ही गोष्ट आम्हांला त्यांच्यामुळे इतकी स्वाभाविक वाटे की त्यासाठी कोणाला कष्ट पडले असतील हे कधी मनातही आले नाही. ते कष्ट मला खो-खोच्या पहिल्याच सामन्यात कळून चुकले. आठ गडी पाटीवर एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसलेले, नववा धावतो आहे, समोर तीन धावपटूंची तुकडी, आणि पापणी लवते न लवते तोच खो मिळून धावणारा बसलेला आणि बसलेला धावत सुटलेला. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घेता येतो, ढगांकडे पाहता येते. खो-खोत वर्णन करणारा नेहमी एका खोने मागेच असतो.

माझ्या श्रोत्यांपैकी एकाचा उल्लेख इथेच करायला हवा. आमच्या आळीत तात्या म्हणून एक वृद्ध आहेत. तरुणपणी ते स्वतः उत्तम खो-खो खेळत. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली त्याला आता बारा वर्षे झाली. माझा पहिला कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. कौतुकाची अपेक्षा होती. तात्या म्हणाले, “आवाज चांगला आहे रे तुझा. पण खांब माझ्या डाव्या हाताला की उजव्या, ते तू सांगितलंच नाहीस. मी तासभर मैदानात आंधळ्यासारखा फिरलो.”

हे ऐकून मला संजयाची आठवण झाली. धावत्या वर्णनाची गोष्ट निघाली की आपल्याकडे संजयाचे नाव हटकून निघते. पण मौज अशी की, महाभारत नीट वाचले तर संजय निदान प्रारंभी तरी धावते वर्णन करीतच नाही. तो रणांगणावरून धृतराष्ट्राकडे येतो तो भीष्म पडल्यावर, आणि ती बातमी आधी सांगून मग मागचे सारे क्रमाने सांगतो. म्हणजे विचार करायला, शब्द निवडायला त्याला अवसर होता. शिवाय त्याला व्यासांची दिव्यदृष्टी होती. मला ना अवसर, ना दिव्यदृष्टी. आणि धृतराष्ट्र मात्र एक नव्हे, हजारो! प्रत्येकाचा प्रश्नही धृतराष्ट्राचाच असतो : माझ्या मुलांनी काय केले? खेळ कसा झाला हे विचारणारा श्रोता फार विरळा.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना होता. सतरा वर्षांखालील मुले. गावातलीच शाळा विरुद्ध शेजारच्या मोठ्या गावची शाळा. शेवटच्या डावात आमची मुले पाठलाग करीत होती. गुण १४ विरुद्ध १३, आम्ही एकाने मागे. घड्याळात काही सेकंद उरले होते. आमचा एक मुलगा पाटीवरून उठला, झेपावला, त्याचा हात धावपटूच्या पाठीला लागला, आणि त्याच वेळी पंचांची शिट्टी वाजली. खो मिळण्यापूर्वीच तो उठला होता. अशा चुकीच्या खोने धावपटू बाद धरला जात नाही. वेळ संपली, सामना गेला. आणि मी ध्वनिक्षेपकात ओरडलो, “हातातोंडाशी आलेला घास सांडला! एका मुलाच्या एका घाईने साऱ्या शाळेचे वर्षभराचे कष्ट मातीत गेले!” पाठोपाठ मी त्या मुलाचे नाव उच्चारले, नुसते नाव नव्हे, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, हजेरीपटावर असते तसे.

दुसऱ्या दिवशी मी गावात मोठा माणूस झालो होतो. किराणावाल्याने “घास सांडला, सर!” म्हणून माझे स्वागत केले. बँकेत मला खुर्ची मिळाली. ज्याला तेहतीस वर्षांत फक्त विद्यार्थ्यांनी ऐकले, आणि तेही नाइलाजाने, त्याचे वाक्य सारा गाव घोळवीत होता. मला ते आवडले नाही असे म्हटले तर ती शुद्ध थाप होईल.

आठवड्याने मी एक विजार दुरुस्तीला घेऊन शिंप्याच्या दुकानी गेलो. हे शिंपी त्या मुलाचे वडील. त्यांच्या यंत्राशेजारी आमचे केंद्र नेहमी चालू असते. त्या दिवशी ते बंद होते. त्यांनी विजार घेतली, टेप लावली, खडूने खूण केली आणि खाली मान घालूनच म्हणाले, “सर, सामन्याच्या दिवशी मी चार गिऱ्हाइकांना बसवून घेतलं होतं. म्हटलं, पोराचं नाव रेडिओवर येणार आहे, ऐकून जा.” मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, “तुम्ही खोटं बोलला नाहीत. पंचांनीच दिलं ते. पण पोराला आता सगळे ‘घाई’ म्हणतात. नाव घेऊन कोणी हाकच मारत नाही. मैदानावर जात नाही तो.”

रागावले असते तर बरे झाले असते. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येते. पण “तुम्ही खोटं बोलला नाहीत” असे म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचे?

घरी येऊन मी माझ्याच बाजूने वकिली सुरू केली. मी सत्य सांगितले. सत्य कटू असते. श्रोत्यांचा विश्वास हीच सांगणाऱ्याची पुंजी; ज्याला दिसत नाही त्याला खोटे दाखवणे हे पाप. खेळात उतरणाऱ्याने टीका सोसली पाहिजे. हे सारे मुद्दे निबंधाच्या वहीत शोभण्यासारखे होते. पण रात्री मी सहज आकडेमोड केली आणि पहिला तडा गेला. गुण १४ आणि १३. तो धावपटू बाद धरला गेला असता तरी १४–१४ अशी बरोबरी झाली असती. म्हणजे घास हातातोंडाशी नव्हताच; फार तर ताटात होता. शिवाय चारही डावांत मिळून आमच्या मुलांनी कितीतरी चुका केल्या होत्या. पहिल्याच डावात आमची एक तुकडी पाहता पाहता बाद झाली होती. पहिल्या मिनिटाला गमावलेला गुण आणि शेवटच्या सेकंदाला गमावलेला गुण, दोघांचे वजन फलकावर सारखेच. पण शेवटची चूक करणाऱ्याच्या माथी आधीच्या सर्वांचा दोष चढतो, कारण त्यानंतर भरपाईला वेळ उरत नाही आणि आपल्याला तर कोणीतरी एक हवाच असतो. संसारातही हेच चालते. दहा जणांनी घर बिघडवलेले असते. शेवटी जो दार लावून निघून जातो, तो घर मोडणारा ठरतो.

शब्द किती सहज अन्याय करतात, याचे एक उदाहरण मला त्या रात्री आठवले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना झाला. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. सर्वोच्च धावसंख्या तेव्हा ब्रॅडमन यांची ४५२. मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कप्तानांनी सामनाच सोडून दिला आणि निंबाळकर तसेच नाबाद राहिले. आजही लोक म्हणतात, निंबाळकरांचा विक्रम नऊ धावांनी ‘हुकला’. हुकला म्हणजे काय? हुकणे हे क्रियापद नेम धरणाऱ्याच्या हाताला दोष देते. निंबाळकरांचा हात कुठेच चुकला नव्हता. समोरची माणसे उठून गेली होती. सगळे आकडे खरे, आणि एका क्रियापदाने गोष्ट मात्र वाकडी! माझा ‘घास’ असाच होता.

हे पटल्यावर मी सुधारण्याचे ठरवले आणि सुधारणा करणाऱ्यांची नेहमीची चूक केली. त्यानंतरचे दोन महिने माझ्या कार्यक्रमात कोणी चुकेनासे झाले. झेल सुटला की ‘प्रयत्न वाखाणण्यासारखा’, पकड निसटली की ‘थोडक्यात दैव फिरले’, पंधरा गुणांनी हरलेला संघ ‘झुंज देऊन’ हरायचा. सारी मुले गुणी, सारे मार्गदर्शक तळमळीचे. मी स्वतःवर खूश होतो. एका संध्याकाळी तात्यांकडे गेलो तर त्यांनी केंद्र बंद करून ठेवलेले. विचारले, तर म्हणाले, “अरे, हल्ली मला काही दिसतच नाही. सगळीकडे हळदीकुंकू चाललेलं असतं. चूक कुठं झाली ते कळल्याशिवाय बरोबर काय झालं ते कसं कळायचं? मी आंधळा आहे, आजारी नाही. मला जपू नकोस.”

म्हणजे कठोरपणात मी मुलावर अन्याय केला आणि दयाळूपणात म्हाताऱ्यावर. एकाची अब्रू घेतली, दुसऱ्याचे उरलेसुरले डोळे. सत्य आणि करुणा यांचे जमत नाही, असे म्हणून मी हात टेकणार होतो, आणि हा निबंधही बहुधा तिथेच एखाद्या सुभाषितावर संपला असता. पण मार्च महिन्यात एके दिवशी तो मुलगाच माझ्याकडे आला. वडिलांनी शिवलेली विजार पोहोचवायला नव्हे. ती केव्हाच आली होती. दहावीची परीक्षा संपली होती. तो दारातच उभा राहिला. मी आत ये म्हटले, तरी आला नाही.

“सर, एक विचारू? माझा खो खरंच लवकर होता का?”

मी म्हणालो, “पंचांनी शिट्टी दिली बाळ.”

“ते माहीत आहे, सर. पंचांना दिसलं असेल तसं त्यांनी दिलं. मला वाटतं, मी खो ऐकला आणि मगच उठलो. पण मी पाटीवर होतो, मला माझी पाठ कुठे दिसते? तुम्ही समोर बसला होता. तुम्ही पाहिलंत म्हणून विचारतो. तुम्ही सांगा, मी मानेन.”

वाचकहो, तेहतीस वर्षांत असंख्य प्रश्नांची उत्तरे मी फळ्याकडे तोंड करून दिली असतील. पण या प्रश्नापुढे मला जीभ नव्हती. मी डोळे मिटून तो क्षण आठवू लागलो. शिट्टी आठवत होती. गोंगाट आठवत होता. मुलाचे उठणे आठवेना. “उद्या सांगतो,” एवढेच म्हणून मी त्याला परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊन मी त्या सामन्याचे ध्वनिमुद्रण काढायला सांगितले. मैदान कोणी टिपून ठेवले नव्हते. माझा आवाज मात्र यंत्राने इमानाने जपून ठेवला होता. शेवटचे मिनिट ऐकले. माझा आवाज म्हणत होता, “आजच्या कार्यक्रमास ज्यांचे सौजन्य लाभले आहे, ते बाजारपेठेतील आपले मिठाईचे दुकान, दिवाळीचा फराळ, लग्नसराईच्या ऑर्डरी…” आणि ‘ऑर्डरी’ या शब्दावर शिट्टी वाजली. मग क्षणभर नुसता गोंगाट, आणि मग माझे ते गाजलेले वाक्य.

तेव्हा सारे लख्ख आठवले. शेवटच्या मिनिटाला त्या मुलीने माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली होती, कारण जाहिरात राहून गेली होती. मी चष्मा सावरून ती वाचत होतो. तो मुलगा पाटीवरून उठला, तेव्हा माझे डोळे मैदानावर नव्हते, मिठाईवर होते. शिट्टी ऐकून मी मान वर केली, मुलाचा पुढे आलेला हात पाहिला, पंचांचा इशारा पाहिला आणि मधली सारी गोष्ट माझ्या मनाने रचली. तीन सेकंदांच्या आत काहीतरी बोलणे भाग होते, आणि बोललो. कठोर सत्य सांगितल्याचा जो अभिमान मी तीन महिने बाळगला आणि ज्याच्याबद्दल स्वतःला पुढे क्षमाही करून टाकली, ते सत्य मी पाहिलेच नव्हते. सत्य आणि करुणा यांचा झगडा वगैरे काही नव्हताच. झगड्याला दोन पक्ष लागतात. माझ्याकडे त्यातला पहिलाच हजर नव्हता.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट वारंवार जाणवते. आपण दुसऱ्याविषयी जे निकाल देतो, त्यांत डोळ्यांनी पाहिलेले किती आणि शिट्टी ऐकून जुळवलेले किती? सुनेचे, शेजाऱ्याचे, सोडून गेलेल्या मित्राचे आपण जे वर्णन करतो, ते ऐन क्षणी आपले डोळे बहुधा आपल्याच कोणत्यातरी चिठ्ठीवर असतात. मग दया दाखवावी की परखड बोलावे, याचा आपण मोठ्या गांभीर्याने विचार करतो. त्याआधीचा साधा प्रश्न, ‘मी पाहिले का?’, विचारायचा राहून जातो.

त्या संध्याकाळी कार्यक्रमाच्या प्रारंभीच मी श्रोत्यांना सांगितले की, तालुका स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील शेवटच्या क्षणाचे जे वर्णन मी केले, ते मी पाहिलेले नव्हते. मी त्या वेळी जाहिरात वाचत होतो. पंचांचा निर्णय त्यांचा आहे आणि तो मानला पाहिजे. परंतु ‘एका घाईने सामना गेला’ हे वाक्य माझे होते, ते अजाणता केलेले नव्हे तर न पाहता केलेले होते, आणि ते मी मागे घेतो. मुलाचे नाव या वेळी मी घेतले नाही. लागलीच जाऊन त्याला उत्तरही दिले : “मी पाहिलं नव्हतं, बाळ. तुझा खो लवकर होता की नव्हता, मला ठाऊक नाही.” त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. त्याला दुसरे काही हवे होते. ‘तुझे बरोबर होते’ असे हवे होते. ते मी देऊ शकत नव्हतो. तो “बरं, सर,” म्हणाला आणि गेला.

यामुळे सारे सुरळीत झाले असे सांगता आले तर या दिवाळीत मला अधिक बरे वाटले असते. ‘घास सांडला’ हे वाक्य गावाला तोंडपाठ झाले होते. माझी माफी कोणाला पाठ झाली नाही. किराणावाला म्हणाला, “सर, कशाला सांगत बसलात? वाक्य झकास होतं.” त्या मुलाला अजूनही कोणी कोणी ‘घाई’ म्हणतात. जूनपासून तो मैदानावर येऊ लागला आहे. पण ते माझ्यामुळे की त्याच्या मित्रांनी त्याला ओढून आणल्यामुळे, हे मी पाहिलेले नाही, म्हणून लिहीत नाही. शिंप्याच्या दुकानात आमचे केंद्र पुन्हा लागलेले मात्र मी जाताना स्वतःच्या कानांनी ऐकले.

माझ्या कामात थोडा फरक पडला आहे. खो कुठल्या दिशेने गेला, खांब कोणत्या हाताला, कोणाचा पाय रेषेवर पडला, हे सांगतो. कोणी सामना घालवला हे सांगत नाही. चूक दिसली तर चूक म्हणतो. तात्यांची तशी सक्त ताकीद आहे. परवा एका सामन्यात अशीच एकाएकी शिट्टी वाजली. माझ्यापुढे गर्दीतला कोणीतरी उभा राहिला होता आणि मला काही दिसले नव्हते. मी म्हणालो, “शिट्टी झाली आहे. कशासाठी झाली ते मला इथून दिसलेले नाही. पंच सांगतील, मग सांगतो.” आणि गप्प राहिलो. काचेपलीकडे ती मुलगी बोटे मोजू लागली : एक, दोन, तीन, चार. पाचव्या बोटाला तिने हात खाली घेतला आणि तीही मैदानाकडे पाहू लागली.